हॉलसाठी महोगनी

दशरथरावांनी महोगनीची नमुन्याची फळी खाली टेकवली, चपला काढून तिच्यावर उभे राहिले आणि दोन्ही टाचा आपटल्या.

"बघ श्रुतिका, हलते का?"

"नाही, पप्पा," सून म्हणाली. बोलताना तिने कडेवरच्या चिमीचं टोपरं उगाचच सारखं केलं.

डहाणू रोडला, रेल्वेलाईनच्या अगदी कडेला हे लाकडाचं दुकान होतं. दशरथराव आणि त्यांच्या पत्नी सुधाताई तलासरीहून आले होते, श्रुतिका माहेरून, वाणगावहून. बाळंतपणाला गेलेली सून गेल्या नोव्हेंबरात लेकीला घेऊन परतायची होती. नेमकी तेव्हापासूनच तलासरीकडची जमीन हादरायला लागली. लोक अंगणात मांडव घालून झोपू लागले. तिचा नवरा विपुल वापीच्या कंपनीतून दर सुट्टीला वाणगावला जायचा आणि समजावून थकायचा. त्यात एका धक्क्याने हॉलमधल्या फरश्या उचकटल्या. दशरथरावांनी लगेच जाहीर केलं, आता लाकडी जमीन करायची, तीही महोगनीची आणि सुनेच्या पसंतीची. सुनेचं घोडं फरशीपाशीच अडलंय, अशी त्यांची समजूत.

माणूस प्रेमळ, पण भीती हा शब्द त्यांना खपत नसे. पंचायत समितीत उभी हयात गेली, तेव्हा कुठलीही तक्रार "बघू" म्हटलं की मिटते हे त्यांना पक्कं ठाऊक. फोनवर श्रुतिका धक्क्यांचं बोलली की ते मोठ्याने हसत.

"अगं, धरणीमाय कूस बदलते. त्यात काय घाबरायचं!"

त्या हसण्यापुढे श्रुतिकाला बोलवत नसे. ज्या घरात घाबरायचीही सोय नाही, तिथे तान्ही पोर घेऊन राहायचं कसं? विपुलला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. आज मात्र काय तो निकाल लावायचा, असं ठरवून ती आली होती.

"पावसाळ्यात फुगणार नाही ना?" सुधाताईंनी विचारलं.

"काकी, खालून प्लास्टिक टाकून देतो ना," दुकानदार प्रविणभाई म्हणाला. "आपला मिस्त्री येईल. दोन वर्षांनी कलर अजून डार्क होणार, बघाच तुम्ही."

"आणि भूकंपात?" श्रुतिका म्हणाली.

"घ्या!" दशरथराव हसले आणि त्यांनी नातीला आपल्याकडे घेतलं. "तुझी आई भित्री आहे हं, चिमे."

श्रुतिकाने फळीवरून हात फिरवला. तांबूस, गुळगुळीत, फार देखणी होती. तिला ती आवडली होती, आणि तरी ती नाही म्हणणार होती.

तेवढ्यात पायाखाली थरथर सुरू झाली. कपाटाच्या काचा खणखणल्या, भिंतीला टेकवलेल्या फळ्या एकमेकींवर वाजल्या. प्रविणभाईने मानही वर केली नाही. श्रुतिकाही हलली नाही. रुळांच्या कडेला वाढलेल्या पोरीला मालगाडी तळपायांनीच कळते. तलासरीला रेल्वे नाही. सुधाताईंनी टेबल गच्च धरलं. दशरथराव मात्र दुकानात नव्हतेच.

ते रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत, अनवाणी, उकिडवे बसले होते. चिमीला पोटाशी घेऊन तिच्यावर पुरते ओणवे झाले होते. एक हात तिच्या डोक्यावर झाकणासारखा धरलेला.

श्रुतिका जवळ गेली. "पप्पा, मालगाडी होती."

"माहीत आहे मला."

पण मिठी सैल झाली नाही. चिमी कुरकुरायला लागली तेव्हा कुठे त्यांनी तोंड वर केलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"नव्हतं माहीत," ते म्हणाले. "मीपण बाहेरच झोपतो गं, नोव्हेंबरपासून. भीती वाटते मला. घर पडेल याची तर वाटतेच, पण तुम्हाला या या म्हणतो ना, त्याची जास्त वाटते."

श्रुतिका त्यांच्या शेजारी तिथेच धुळीत बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्यांची माया आली.

सुधाताई धापा टाकत रस्ता ओलांडून आल्या. "तो प्रविणभाई विचारतोय, कुठली फळी लिहू म्हणून."

"महोगनीच सांगा, आई," श्रुतिका म्हणाली. "पण हॉलची काही घाई नाही. आधी अंगणात अजून एक मच्छरदाणी लागेल."