माझ्यात नसलेली चौकट

मी नोंदणीच्या खिडकीवरचा फॉर्म बोलतोय. कागदाचा नव्हे, पडद्यावरचा. या लहानशा रुग्णालयात येणारा प्रत्येक जण आधी माझ्या तावडीतून जातो, मगच डॉक्टरांकडे.

माझ्या आधी इथे एक आयता फॉर्म होता. डेटाबेसमध्ये जेवढे रकाने, तेवढ्या चौकटी जावा ही प्रोग्रॅमची भाषा आपोआप काढून द्यायची. खिडकीवरची ताई वैतागली होती. "अहो, हे सगळं भरेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल!"

मग चष्मेवाल्या प्रोग्रॅमरने मला हाताने घडवलं. नाव, वय, पत्ता, मोबाइल, बस. औषधांच्या अ‍ॅलर्जीची चौकट त्याने मला दिलीच नाही. ते डॉक्टर त्यांच्या पडद्यावर लिहितात, ताईला काय करायचंय? बरोबरच होतं त्याचं. ताईने मला पाहिलं आणि खूश होऊन त्याला चहा पाजला.

पण घाईत एक गोष्ट राहून गेली. ताई 'जतन करा' दाबते, तेव्हा मी पेशंटची अख्खी नोंद नव्याने लिहितो. ज्याची चौकट माझ्याकडे नाही, ते कोरं लिहितो. बाकीचं होतं तसं राहू दे, हे मला कुणी शिकवलंच नाही. नुसता मोबाइल नंबर बदलला, तरी डॉक्टरांनी लिहिलेलं पुसलं जातं. मला ते दिसतं, पण दाखवायला जागा नाही. बोलायचं म्हटलं, तर चष्मेवाल्याने लिहून दिलेली चार वाक्यंच येतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

चष्मेवाला दुसरीकडे गेला. त्याच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. एकदा मला उघडून तिने कपाळाला आठ्या घातल्या. मला वाटलं, सुटलो! तेवढ्यात रुग्णालयाचे साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." तिने मला बंद केलं. त्या दिवशी मला फार रडू आलं.

आज सकाळी एक म्हातारे शिंपीकाका आले. ताप आणि खोकला. सोबत लेक होती. मागे एका इंजेक्शनने त्यांचा घसा सुजून श्वास अडकला होता. तेव्हा डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, 'पेनिसिलिन देऊ नये'. ताईने नोंद उघडली, तशी ती ओळ माझ्यापुढे आली.

"घर बदललंय आमचं. नवा पत्ता घ्या," लेक म्हणाली. "आणि बाबांचं ते इंजेक्शनचं लिहिलेलं आहे ना?"

"हो हो, सगळं आहे कॉम्प्युटरमध्ये. काळजी करू नका."

खोटं नव्हतं ते. त्या क्षणापर्यंत होतंच. मी जीव तोडून ओरडत होतो, ताई, थांब! पण तिने नवा पत्ता लिहिला आणि बटण दाबलं. माझ्याच हातांनी मी ती ओळ पुसली. वर हिरव्या अक्षरांत हसून म्हणालो, 'माहिती यशस्वीरीत्या जतन झाली.'

ते वाचून लेकीचा जीव भांड्यात पडला. "बाबा, तुम्ही व्हा आत, मी गाडी नीट लावून येते," म्हणत ती गेलीसुद्धा.

काकांना आत नेलंय. बोलायचंही त्राण नाही त्यांच्यात. डॉक्टरांच्या पडद्यावर ती जागा आता कोरी आहे, आणि कोरी जागा बघून माणसं निर्धास्त होतात. मी इथून हलू शकत नाही. तुम्ही दाराजवळ उभे आहात ना? आत जा हो कुणीतरी. सुई टोचायच्या आधी डॉक्टरांना थांबवा, आणि गाडी लावायला गेलेल्या लेकीला हाक मारा.