साक्रीची लाइन, एकशे दहा डेसिबल

तोताराम आमच्या धुळ्याच्या ट्रंक एक्स्चेंजचा मेकॅनिक. माणूस सरळ, पण नवी वस्तू हातात आली की करवल्यासारखा मिरवायचा. नव्वद सालच्या मार्चमध्ये तो दोन डब्या घेऊन माझ्या बोर्डापाशी आला. आत कापसात ठेवलेली दोन बारीक यंत्रं होती. एक जपानी, एक अमेरिकन.

"प्रमिलाताई, ही कानाच्या आत बसतात. ते डोक्यावरचं हेडसेटचं लोखंड काढा आता. तीन दिवस हे वापरा, तीन दिवस ते, आणि कुठलं चांगलं ते या फॉर्मवर लिहा. वरून चाचणीला आलीत. किंमत सांगत नाही, नाहीतर कानातून काढायचं नाव घेणार नाही तुम्ही."

डब्यांवर आकडे होते. जपानीवर शहाण्णव, अमेरिकनवर एकशे दहा. मी जळगावची. आमच्याकडे मूलसुद्धा सोन्याचा कॅरेट विचारल्याशिवाय दागिन्याकडे बघत नाही. मी म्हटलं, "यात विचारायचं काय? एकशे दहावालं चांगलं."

"तिथेच चुकता!" तोताराम खूश झाला. "हे गुण नव्हेत, ताई. ही सेन्सिटिव्हिटी. एक मिलिवॅट म्हणजे मुंगीच्या जिवाएवढी वीज. तेवढ्या विजेत हे शहाण्णव डेसिबल आवाज काढतं, ते एकशे दहा. दर दहाला आवाज कानाला दुप्पट वाटतो. पण मोठा म्हणजे गोड नव्हे. जे जास्त ऐकवतं ते खरखरही जास्त ऐकवतं. आणि मोठं ऐकलं की माणसाला ते चांगलंच वाटतं, म्हणून दोन्ही सारख्या आवाजावर आणून मगच ताडून बघा."

मी मान डोलावली आणि अर्थातच त्यातलं काही केलं नाही.

जपानी यंत्राचे तीन दिवस बरे गेले. डोकं हलकं झालं, एवढंच. चौथ्या दिवशी अमेरिकन कानात घातलं. त्याला रबराचं बोंड होतं. ते आत शिरलं आणि आमची खोली बंद झाली. बारा बायका एकदम "हॅलो, हॅलो" करायच्या, तो बाजार एकोणीस वर्षांत पहिल्यांदा थांबला. राहिल्या फक्त लाइनी. नाशिकच्या लाइनची खरखर, शिरपूरच्या माणसाचा खोकला, सगळं अगदी कानाच्या पाळीशी. मी हुरळून गेले. दुपारी साक्रीचा प्लग लावला.

साक्रीला वच्छला होती. एवढंसं एक्स्चेंज, एकच बोर्ड, आणि मागच्या दाराला लागून तिचं घर. रात्री भिकन नावाचा माणूस बसायचा, दिवसभर ती. पंधरा वर्षं आम्ही कॉलच्या मध्ये मिळेल तेवढं बोलत आलो होतो आणि एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तसं पाहिलं तर दीड तासाची एस.टी. पण मी "येते एकदा" म्हटलं की ती म्हणायची, "आते नको वं. घर भरेल शे. बसाले जागा नही." मुलगा, सून, दोन नातू. बोलता बोलता मध्येच तोंड वळवून ओरडायची, "ए गण्या, खाले उतर!" आणि परत माझ्याकडे वळून, "भलताच तरास देतस पोरे."

मला त्या घराचा हेवा वाटायचा. उघडच सांगते. माझी एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि कुलूप माझं मीच लावायचं, मीच काढायचं. भाऊ जळगावला पाइपच्या कारखान्यात. वडील गेल्यावर काहीतरी बोलाचाली झाली आणि अकरा वर्षांत त्याने माझा उंबरा ओलांडला नाही. पण वच्छलेच्या भरल्या घरापुढे रिकामं घर कोण मांडणार? मी सांगायची, दर रविवारी भाऊ येतो, वहिनी येते, पोरं मटणासाठी भांडतात. मटण किती शिजवलं तेही सांगायची. खोटं बोलायचं तर हात आखडता कशाला!

त्या दुपारी वच्छला पापडांबद्दल बोलत होती. मध्येच ओरडली, "ए गण्या, खाले उतर!"

आणि एकशे दहा डेसिबलमध्ये मी पहिल्यांदा त्यानंतरचं ऐकलं. पंख्याची टक टक. एक चिमणी. पायांचा आवाज नाही, रडणं नाही, कुणी "आजी" म्हणत नाही. ती थोडा वेळ थांबली, पोराला उतरायला जेवढा लागेल तेवढाच, आणि म्हणाली, "भलताच तरास देतस पोरे."

मला वाटलं, पोरगं गुणी असेल, गुपचूप उतरलं असेल. दुसऱ्या दिवशी मी कान लावून बसले. ती गण्यावर दोनदा ओरडली, सुनेला एकदा चहा टाकायला सांगितलं. पंखा. चिमणी. मग मी बोटांवर मोजलं. गण्या गेली सहा वर्षं चारच वर्षांचा होता. मी कधी मोजलंच नव्हतं.

आता शहाण्या बाईने काय केलं असतं? गप्प बसली असती. पण माझ्या नाकावर राग. बसायला जागा नाही म्हणून मला पंधरा वर्षं लांब ठेवलं, आणि घरात चिटपाखरू नाही! मी स्वतः कुठल्या तोंडाने मटण शिजवत होते ते त्या वेळी आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली आणि मी म्हटलं, "वच्छला, गण्याला दे ना फोन. खाऊ काय आणू विचारते."



"झोपना तो," ती म्हणाली.

"आत्ता तर वर चढला होता."

पंख्याची टक टक ऐकू आली, तिचा श्वास ऐकू आला, घोट गिळल्याचाही आवाज आला. इतकं स्पष्ट ऐकू यायला नको होतं. मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "धुळे, नंबर सांगा."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती फक्त आकड्यांत. "धुळे, दोनशे चौदा द्या." मी म्हणायची, "साक्री, जोडलं." शेवटी एक "बरं" सुद्धा नाही. एकतीस मार्चला दुपारी चार वाजता साक्रीची लाइन आमच्या बोर्डावरून कायमची निघणार होती. तिथे एसटीडी येत होतं, लोक स्वतःच नंबर फिरवणार होते, आणि वच्छलेची बदली कुठे होईल ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते मी माझ्या जिभेने घालवलं होतं. घरी गेल्यावर मी भांडी मुद्दाम आपटून घासायची. तेवढाच आवाज.

तोताराम फॉर्म न्यायला आला. "कुठलं चांगलं?"

"अमेरिकनमध्ये जास्त ऐकू येतं," मी म्हटलं.

"ते आकडाच सांगतो, ताई. चांगलं कुठलं?"

"मला नको ते. माझं लोखंड दे."

एकतीस तारखेला शनिवार होता. पावणेचारला मी साक्रीचा प्लग लावला. जोडायला कॉल नव्हता.

"धुळे, बोला."

"वच्छला, कॉल नाहीये. मीच बोलतेय. माझा भाऊ रविवारी येत नाही. कधीच येत नाही. अकरा वर्षं झाली. वहिनी, पोरं, मटण, सगळं मी रचून सांगत होते."

डोक्यावर जुना हेडसेट होता. शेजारची प्रभा नागपूर, नागपूर करून ओरडत होती. साक्रीहून काहीच ऐकू येईना. ती रडतेय की हेडसेट काढून उठून गेली, कळायला मार्ग नव्हता. मी प्लगवर हात ठेवून तशीच बसले.

"माले ठाऊक व्हतं," वच्छला म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुना भाऊ येत नही ते. दर आइतवारले तू बोर्डवर ऱ्हास. बठ्ठ्यासनी ड्यूटी तूच लेस. दिनभर मनासंगे बोलस. मंग भाऊ कोनले भेटस?"

माझी कानशिलं तापली. इतरांना रविवारी घरी राहायचं असायचं, म्हणून त्यांच्या पाळ्या मी घ्यायची. आणि त्याच रविवारचं जेवण सोमवारी तिला वाढायची. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नाही. तिच्या डोक्यावर तर माझ्यासारखंच लोखंड होतं, आणि तिने अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, दे बरं भावाला फोन.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कसाले बोलू? तू पोरेस्ना गोष्टी सांगे, तं माले बरं वाटे. मी बी सोमवारनी वाट दखू." मग तिने स्वतःहून सांगितलं, "मना आंडोर, मना पोऱ्या, सुरतले गया. बारा वरीस व्हयनात. गण्या तठेच जल्मना. मी त्याले अजून दखेलच नही."

मला तिची माफी मागायची होती. पण चार वाजायला दोन मिनिटं होती आणि मागे तोताराम तारा काढायला येऊन उभा होता.

"वच्छला, उद्या रविवार आहे. मी ड्यूटी घेत नाही. येऊ?"

"ये," ती म्हणाली. मग घाईघाईने म्हणाली, "पन घरमा कोनी नही, हां."

"माझ्याबरोबरही कोणी नाही," मी म्हटलं, आणि तोतारामला थांब म्हणून हात केला.