बैसाण्यांच्या कॉम्प्युटरचं वय

अभिमन बैसाणे तीस वर्षं एका सरकारी कचेरीत भांडारपाल होते. खुर्ची मोडली, पंखा बंद पडला, टाइपरायटरचं अक्षर उडालं, की त्याचा कागद त्यांच्याकडे यायचा. वस्तू दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हे ते कधीच ठरवत नसत. ठरवण्यासाठी लागणारे सगळे कागद मात्र तयार करून वर पाठवत. त्यांच्या नोकरीत एक पंखा अकरा वर्षं असा वर-खाली फिरला आणि त्या खोलीतले दोन साहेब घाम पुसत निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर ते धुळ्यात, देवपुरात राहात होते. घरात बायको प्रमिलाबाई आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर त्यांची मुलगी वर्षा हिचा. ती जळगावला कॉलेजात शिकत असताना ब्याण्णव साली घेतलेला. पुढे वर्षा लग्न होऊन नाशिकला गेली आणि कॉम्प्युटर माहेरी राहिला. प्रमिलाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांना रिकामं बसवत नसे. वर्षाने जाताना एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. त्यात समाजाच्या वधू-वर मेळाव्याची यादी त्या ठेवायच्या. मुलाचं किंवा मुलीचं नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि जन्मतारीख भरली, की वय मशीन स्वतः काढायचं आणि खडखड करत यादी छापून द्यायचं. नावं इंग्रजीत यायची, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. उलट बापाला पोरीचं नाव इंग्रजीत बघून बरं वाटे. आमच्या समाजात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे सगळा भार नोकरी, उंची आणि वय यांच्यावर.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये मशीन कुरकुरायला लागलं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला सुरू व्हायचं, पडद्यावर इंग्रजीत तक्रार लिहायचं आणि मग गप्प चालायचं. मेळावा मेच्या दुसऱ्या रविवारी. प्रमिलाबाईंनी पाहू तरी म्हणून यादी छापली आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, हा फौजदार बघा. वय अकरा."

अभिमन नानांनी चष्मा लावला. फौजदार अकरा वर्षांचा होता. बँकेतला कॅशियर नऊ वर्षांचा. इंजिनियर झालेली मुलगी पाच वर्षांची, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं वय शून्य.

प्रमिलाबाईंनी शोधून काढलं. मशीन बंद केलं की ते तारीख विसरत होतं, आणि सुरू केल्यावर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी धरून चालत होतं. रोज सकाळी खरी तारीख टाकली की वयं बरोबर येत. पण मधेच लाइट गेली की परत सगळे लहान.

"दुरुस्त करायला हवं," त्या म्हणाल्या.

"असं एकदम करता येत नाही," नाना म्हणाले, आणि त्यांनी फाइल उघडली.

फाइलवर विषय लिहिला: घरातील संगणकाची दुरुस्ती, सुधारणा किंवा बदली करणेबाबत. मग ते सायकल काढून तीन ठिकाणी दरपत्रकं मागायला गेले. निवृत्तीनंतर इतके आनंदी ते पहिल्यांदाच दिसत होते.

पहिला सल्ला मात्र न मागता आला. प्रमिलाबाईंचे भाऊ तोताराम जळगावात पाइप विकत. त्यांच्या स्वतःच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून मत पक्कं होतं. "टाकून द्या नाना. दोन वर्षांनी सन दोन हजार लागेल, तेव्हा जगातले सगळे जुने कॉम्प्युटर एकाच दिवशी बंद पडणारेत. पेपरात आलंय. नवा घ्या, पेंटियम घ्या."

"त्याने काय होईल?"

"फास्ट चालेल."

"यादी वर्षातून एकदा छापतो आपण," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मग ती फास्ट छापली जाईल, अक्का."

धुळ्यातला दुकानदार म्हणाला, नवा घ्यायची गरज नाही, आहे तोच वाढवू. आतला मुख्य बोर्ड बदलू, मेमरी बदलू, डिस्क बदलू, आणि हा पडदा नव्या बोर्डाला शोभणार नाही, तोही बदलू.

"मग जुनं काय राहील?" नानांनी विचारलं.

दुकानदाराने विचार केला. "डबा राहील. डबा चांगला आहे तुमचा."

नानांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या कचेरीतली एक जीप अशीच नंबरप्लेटखाली पूर्ण बदलली होती आणि कागदोपत्री ती अजून बासष्ट सालची होती. त्यांनी दरपत्रक फाइलला लावलं. पण पंधरा दिवसांनी तुलनात्मक तक्ता तयार होईपर्यंत पहिल्या दुकानातला भाव उतरला होता आणि दुसऱ्याने सांगितलेला बोर्ड येणंच बंद झालं होतं. नानांनी पुन्हा दरपत्रकं मागवली. पंखा निदान अकरा वर्षं पंखाच राहिला होता. ही वस्तू फाइलीपेक्षा जोरात धावत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला मेळावा मंडळाचे अध्यक्ष रुपचंद अहिरे चौकशीला आले. त्यांचा आग्रह नव्या मशीनचा होता. मंडळ वर्गणी काढायला तयार होतं. प्रमिलाबाईंनी त्यांना मशीन काय करतं ते दाखवावं म्हणून ती बिघडलेली यादी हातात दिली. रुपचंदभाऊ फौजदारावर हसले, कॅशियरवर हसले आणि मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. त्यांची थोरली मुलगी विशाखा सोनगीरला शाळेत शिक्षिका होती. शिक्षण डी.एड., नोकरी दहा वर्षं, वय बारा.

ते बराच वेळ त्या बाराकडे बघत राहिले. खरं वय तीस होतं, आणि गेले तीन मेळावे ते एकेका वर्षाने वाढताना रुपचंदभाऊ बघत होते.

"हे कसं झालं वहिनी?"

"त्याची तारीख मागे गेली. रोज आपण टाकायची."

"आपण टाकू तीच धरतं?"

"त्याला दुसरं काय कळणार?"

रुपचंदभाऊंनी चहा संपवला. निघताना ते नानांना दारापर्यंत घेऊन गेले आणि मनातलं बोलताना येते त्या घरच्या बोलीत म्हणाले, "नाना, मशीन चांगलं शे. सगळं बठ्ठं बरोबर शे. त्याले हात लावू नका."

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक बैसाण्यांच्याच घरी झाली. महिन्यापूर्वी नवीन घ्या म्हणणारे सात सदस्य आता जुन्या वस्तूंच्या टिकाऊपणावर बोलत होते. तेव्हाचा माल वेगळा होता, असं एक जण म्हणाला. त्याचा मुलगा छत्तीस वर्षांचा होता. शेवटी रुपचंदभाऊंनी विषयाला हात घातला. हल्लीची पोरं शिकण्यात वेळ घालवतात, नोकरी लागायला उशीर होतो, ही त्यांची चूक नाही. ती गेलेली वर्षं समाजाने धरू नयेत. मशीन आपणहून मागे जात असेल, तर आपण त्याला थोडं कमी मागे नेऊ.

किती, यावर दीड तास गेला. मुलींच्या बापांना पाच वर्षं हवी होती, मुलांच्या बापांना मुलांसाठी पाच आणि मुलींसाठी काही नको होती. मशीनमध्ये घड्याळ एकच आहे हे कळल्यावर तीन वर्षांवर तडजोड झाली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वीस वर्षांची मुलगी सतराची होईल आणि मेळाव्यावर पोलीस येतील. तेव्हा लहान मुली चालू सालात आणि बाकीचे पंच्याण्णव सालात, अशा दोन याद्या छापून एकत्र टाचायचं ठरलं. नानांनी इतिवृत्त लिहिलं: "संगणकाची दुरुस्ती तूर्त स्थगित ठेवून त्याची तारीख एक एप्रिल १९९५ अशी निश्चित करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर." खाली सात सह्या झाल्या.

प्रमिलाबाई चहा देत होत्या. त्यांचं मत कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. पण रात्रीची भांडी घासताना त्यांना पुन्हा पुन्हा आपल्या शाळेचं हजेरीपुस्तक आठवत होतं. चौतीस वर्षांत त्यांनी एका मुलाचीही जन्मतारीख खोडली नव्हती, सरपंचाने सांगूनही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्षाला फोन लावला. वर्षा म्हणाली, "मम्मी, आतली छोटी बॅटरी संपलीय, बाकी काही नाही. जळगावजवळ असोद्याला उखर्डू मिस्तरी आहेत, आधी रेडिओ आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करायचे. कॉलेजात असताना माझं मशीन तेच उघडायचे. त्यांच्याकडे ने."

नाना तिसऱ्यांदा दरपत्रकं आणायला गेले तेव्हा प्रमिलाबाईंनी डबा गोधडीत गुंडाळला आणि जळगावची एसटी धरली. कंडक्टरने गोधडीत काय आहे विचारलं. "कॉम्प्युटर," त्या म्हणाल्या. त्याने थोडा विचार करून सामानाचं तिकीट फाडलं. बसमध्ये शेजारच्या बाईने डबा दोन्ही हातांनी धरून ठेवायला मदत केली. तिला वाटलं होतं, आत कोंबड्या आहेत.

असोद्याला उखर्डू मिस्तरींनी झाकण काढून आधी फुंकर मारली. पंख्यात कापसाचे तंतू अडकले होते. बोर्डावरची बॅटरी फुटून तिच्याभोवती हिरवं पसरलं होतं. त्यांनी ते ब्रशने हळूहळू खरवडलं.

"हे ठेवू का टाकू, मिस्तरी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "घरात दोन महिने तेच चाललंय."

"काम काय आहे तुमचं?"

"एक यादी. वर्षातून एकदा."

"मग टाकता कशाला? पण ऐका, बाई. डिस्कचा आवाज मला आवडला नाही. वर्ष काढेल, दोन काढेल. यादी फ्लॉपीवर उतरवून घरात ठेवा, दोन ठिकाणी. तेवढं केलं की मशीन मेलं तरी तुमचं काही मरत नाही."

गेल्या दोन महिन्यांत प्रमिलाबाईंना कोणी त्यांचं काम काय हे विचारलं नव्हतं. त्यांनी यादी तिथेच दोन फ्लॉपींवर उतरवून घेतली. मिस्तरींनी नवी बॅटरी कथलाचा डाग देऊन जोडली, तारीख टाकली, मशीन चार वेळा बंद-चालू केलं. तारीख तीच राहिली.

घरी नाना चिडले. दुरुस्तीला मंजुरी नव्हती, तक्ता अपुरा होता, आणि मंडळाच्या ठरावाचं काय? "आता हे तारीख विसरणारच नाही," ते म्हणाले, जणू मशीनला आजार जडला होता.

"मागची तारीख टाकली तर अजूनही घेईल," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पण ती मला टाकावी लागेल, आणि मी टाकणार नाही."

शनिवारी अर्धी शाळा करून विशाखा आली. वडिलांचा ठराव तिला सोनगीरच्या बस स्टँडवर कळला होता. ती पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, "काकू, माझं वय सत्तावीस छापणार म्हणे."

"तुझ्या बाबांची इच्छा आहे."

"माझ्या ओळीत दहा वर्षं नोकरी लिहिलीय. म्हणजे सतराव्या वर्षी मी गुरुजी झाले, आणि पंधराव्या वर्षी डी.एड.ला होते. ज्याला एवढा हिशेब येणार नाही, त्याच्याशी मला लग्न करायचं नाही. आणि ज्याला येईल, तो मला खोटारडी समजेल."

प्रमिलाबाईंनी खुर्ची तिच्यासाठी ओढली. वर्षाला फोनवर विचारत दोघींनी यादीतला वयाचा रकानाच काढून टाकला आणि त्या जागी जन्मतारीख छापली, सालासकट. संध्याकाळपर्यंत सहाशे ओळी खडखडत बाहेर आल्या. नानांनी शेजारच्या खोलीतून काही वेळ ऐकलं, मग येऊन कागदाच्या कडा फाडायला बसले.

मेळाव्यात पहिला अर्धा तास कोणी कोणाकडे बघितलंच नाही. सगळा मांडव बोटांवर वजाबाकी करत होता. एका बाईंनी विशाखाचं वय अठ्ठावीस काढलं आणि खूश होऊन तिला जवळ बोलावलं. विशाखाने त्यांना हातचा कुठे चुकला ते समजावून सांगितलं. त्या बाई उठून गेल्या. दुसऱ्या दोन घरांनी चौकशी केली, त्यांतल्या एकाला तिने नाही म्हटलं. दुसरा फैजपूरचा, केळीच्या संशोधनावर काम करणारा, तेहतीस वर्षांचा माणूस होता. त्याने विचारलं, "तारखा छापायची कल्पना कोणाची?" ती म्हणाली, "माझी." ते दोघं मांडवाच्या बाहेर रसवंतीवर तासभर उभे राहिले. लग्न त्याच वर्षी थंडीत झालं.

रुपचंदभाऊंना मुलीचं लग्न जमल्याचा मनापासून आनंद झाला, पण यादीचं ते विसरले नाहीत. जूनच्या बैठकीत बैसाण्यांचा कॉम्प्युटर जुना आणि बेभरवशाचा झाल्याचा ठराव आला. मंडळाने स्वतःचा नवा घ्यायचं ठरवलं. खरेदी समितीवर एकमताने अभिमन नानांना घेतलं, आणि ते दुसऱ्याच दिवशी सायकल काढून दरपत्रकं मागायला निघाले. पुढच्या यादीत जन्मतारीखच छापायची, फक्त दिवस आणि महिना, सालाची आवश्यकता नाही, असंही ठरलं.

नवा पेंटियम गणपतीनंतर रुपचंदभाऊंच्या घरी आला. त्याला तारीख अचूक कळत होती. तो चालवायला मात्र त्या घरात एकच माणूस होतं, आणि विशाखाला ते काम सांगायचं धाडस तिच्या वडिलांना तिचं लग्न होऊन ती फैजपूरला जाईपर्यंत काही झालं नाही.