साखर चाखणाऱ्याची कबुली

मित्रांनो, मी ग्लुकोकायनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम. बाळाच्या जन्माआधीच त्याच्या स्वादुपिंडात माझी नेमणूक होते. काम एकच. रक्तातली साखर चाखायची आणि ती वाढली की पेशीला सांगायचं, "सोड इन्सुलिन." पोटातलं बाळ त्या इन्सुलिनवरच बाळसं धरतं. मी मात्र मुळातच मंद घडलो होतो. साखर पुरेशी असली तरी मला कमीच वाटायची आणि मी गप्प बसायचो.

बाळ वाढेना आणि खापर फुटलं त्याच्या आईवर, नॉर्वेतल्या बर्गनच्या सिग्नीवर. सुईण दर भेटीला टेपने तिचं पोट मोजायची, आकडा वाढीच्या तक्त्यावरच्या रेषेखालीच पडायचा. सासूने, गुद्रुनने, तर कहर केला. तिकडे बाळंतिणीला नेतात ती आंबट सायीची लापशी तिने बाळंतपणाआधीच आणली.

"खा गं. माझा ऐविंद चार किलोचा होता. तू चिमणीसारखी टिपत बसतेस."

"दोन वाट्या झाल्या, गुद्रुन. आता जागा नाही."

मग सिग्नी न्हाणीघरात जाऊन रडायची. "माझं काय चुकतंय?" चुकत माझं होतं. मला लाज वाटायची, पण तिला सांगणार कसं?

इंगविल्ड जन्मली ती दोन किलो सहाशेची. लहान बाळांची साखर घसरते, म्हणून नर्सने तिची टाच टोचली. साखर निघाली चढी. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करवली. सिग्नीची साखर ठीक होती. तिच्या नवऱ्याची, ऐविंदची, चढी. गुद्रुनचीही.

"मला माहीत होतं," गुद्रुन हळूच म्हणाली. "कित्येक वर्षं. थोडीशीच तर होती, कुणाला कशाला सांगायचं?"

"साखर ओळखण्यातला हा दोष तुमच्याकडून ऐविंदला आला, त्याच्याकडून बाळाला," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमची साखर चढी होती, ती त्याला मिळाली, म्हणून तो पोटात वाढला. सिग्नीकडे ती जास्तीची साखर नव्हती. कितीही खाऊन आली नसती. बाळाला औषध नको, वाढेल ती."

गुद्रुनने आजही आणलेली लापशीची वाटी सिग्नीपुढे ठेवली. "सिग्नी, तुझं काहीच चुकलं नव्हतं गं. मीच उगाच बोलत राहिले."

"लापशी गार होतेय," सिग्नी म्हणाली. "आज तूही खा."

मित्रांनो, मी जन्मभर असाच मंद राहणार. सिग्नीचं रडणं मला परत घेता येत नाही. घरातलं दुखणं लहान असलं तरी लपवू नका. उद्या इंगविल्ड आई होईल, त्याआधी तिला कुणीतरी माझ्याबद्दल सांगा. मला सांगता येत नाही.