नदीत शिरलेली सून

दिघोरीत आदल्या रात्री झालेल्या नाटकात नायिका सासरचा जाच सोसून शेवटी नदीत शिरली होती. सकाळी नाटक कंपनीची माणसं केशवरावांच्या ओसरीत पोहे खायला बसली, तेव्हा त्या प्रसंगाच्या आठवणीनं केशवराव पुन्हा डोळे पुसू लागले.

"सून असावी तं अशी," पोह्यांवरची तिखट तर्री ओरपत ते म्हणाले. "जीव देला, पन घरची गोष्ट बाहेर नाही जाऊ देली."

त्यांची सून रिता पोहे वाढत होती. साकोलीच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. 'आपल्या घरच्या बाया कोनाचं हागमूत काढत नाहीत' म्हणून केशवरावांनी तिला जाऊ दिलं नव्हतं. आता त्यांच्या मिशीवरून तर्रीचं तेल ओघळत होतं, त्यातच आसवं मिसळत होती.

नायिकेचं काम केलेल्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "नदी म्हणजे तिची सुटका होती, केशवराव. तिले दुसरा रस्ता कोनी ठेवलाच नव्हता."

"म्हणूनच तं रडू येते," केशवराव म्हणाले. "रिता, बाईले वाढ."

रितानं पातेलं खाली ठेवलं. "मामाजी, मेलेल्या सुनेसाठी तुम्ही रडून राहिले. मी जित्ती आहो, तं मले नोकरीवर पाठवाले तुमची अब्रू जाते. किळस येते मले ह्या रडन्याची."

रितानं हात धुतले, पिशवी भरली आणि साकोलीची बस गाठायला निघाली. सुलोचनाबाई उष्ट्या हातानं तिच्यासोबत फाटकापर्यंत गेल्या.