टेकायची फळी

मी टेकायची फळी बोलतेय. हॉलिवूडबाहेर मला कुणी ओळखत नाही, आणि हॉलिवूडमध्येही मला पडद्यावर आणावं असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

स्टुडिओच्या सुतारांनी मला साध्या पाइनच्या लाकडातून घडवलं. जरा तिरकी, पाठीला पातळ गादी, कोपरं टेकायला दोन हात. उच्चभ्रू मंडळींच्या चित्रपटात नट्यांचे साटीनचे झगे त्यांच्या अंगावरच शिवतात. बसलं की चुण्या पडतात, नाहीतर शिवण उसवते. म्हणून त्या दिवसभर माझ्यावर रेलून असतात, आणि कॅमेरा सुरू व्हायची वेळ झाली की मला ओढून बाजूला करतात. पडद्यावर महाराणीच्या तोऱ्यात वावरणाऱ्या बायका माझ्यापाशी पाय दुखतात म्हणून कुरकुरतात. सँडविचचा चुराही माझ्याच अंगावर.

त्या वर्षी मोठा चित्रपट चालला होता. न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घरची मेजवानी, प्रत्येक पाहुण्याची वेगळी भानगड, आणि प्रत्येक पाहुणा म्हणजे बडा नट. त्यात अडीला फॅरंटबाईंना एकच प्रसंग होता. मूकपटांच्या काळात त्यांच्यासाठी लोक रांगा लावत. आता त्या स्वतःच कामासाठी स्टुडिओत खेटे घालत होत्या. भूमिका पैसा गमावलेल्या विधवेची. दिवाणखान्यात यायचं, सोफ्यावर बसायचं, दोन वाक्यं बोलायची.

दिग्दर्शक केपलरसाहेब सकाळीच म्हणाले, "चित्रपट लांबलाय, बाई. दुपारपर्यंत प्रसंग रंगला तर ठेवतो, नाहीतर कात्री."

कात्री लागली की पुढे काम नाही, हे सगळ्या सेटला ठाऊक होतं.

गंमत अशी की प्रसंग बसण्याचा, आणि झगा मात्र बसता येणार नाही असा. फॅरंटबाईंनी सोफ्यापाशी गुडघे वाकवले की शिवण करकरायची. पुन्हा टाके घातले, पुन्हा तेच. त्यांना कपडे चढवणारी ब्रायडी तोंडात टाचण्या धरून पुटपुटली, "आता बसलात तर उरलेला प्रसंग परकरावर करावा लागेल."

"मग तरी लोक बघायला येतील," बाई म्हणाल्या. पण कोपरावरचा सगळा भार त्यांनी माझ्यावर टाकला होता. मी लाकडाची असले तरी मला फार वाईट वाटलं.

केपलरसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "राहू द्या. दिवे बंद करा."

"दिवे असू देत," बाई म्हणाल्या. "ही फळी सोफ्याशेजारी आणा."

"कॅमेऱ्यासमोर? अहो, ती अडगळीतली वस्तू आहे."

"सध्या मीही तीच आहे. आणा."

का कुणास ठाऊक, साहेबांनी मला आणायची खूण केली. कॅमेरा सुरू झाला. बाई आत आल्या, सोफ्याकडे हावरट नजरेनं पाहिलं, आणि मोठ्या थाटात माझ्यावर रेलल्या. यजमानीण झालेली नटी खरोखरच गोंधळली. "अगं, बस ना."

"कशी बसू? जेवायचं आमंत्रण या झग्याला आहे, मला नाही. मी आपली त्याच्या सोबतीला आलेय."

मग वर दिव्यांपाशी बसलेला कुणीतरी फिसकन हसला, आणि पाठोपाठ सगळा सेट. सगळ्यांत मोठ्यांदा हसले ते केपलरसाहेब. डोळे पुसत म्हणाले, "माझ्या हसण्यानं आवाज बिघडला. पुन्हा घेऊ. आणि त्या फळीला कुणी हात लावायचा नाही."

चित्रपट लागला तेव्हा त्या वाक्याला थिएटरात इतका हशा पिकला की पुढच्या बड्या नटाचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. हे ब्रायडीनं मला सांगितलं, बूट काढून माझ्यावर रेलून. फॅरंटबाईंना नवा करार मिळाला, आणि या वेळी स्टुडिओच त्यांच्या दारी गेला.

आता माझी गादी झिजलीय, एक हात डुगडुगतो. तरी नव्या पोरी आल्या की आधी विचारतात, "फॅरंटबाईंची फळी कुठाय?" माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

कधी तो चित्रपट पाहिलात तर बड्या नटांकडे बघाच. पण फॅरंटबाई बोलायला लागल्या की त्यांच्या कोपराखाली एकदा नजर टाका. तिथं मी आहे.