म्हशीच्या पोटातलं तापमान

टाकीवरचा तापमानाचा काटा एकशे तेहेतीस अंशांवर स्थिर होता आणि ताई त्याच्याकडे पोटच्या गुणी मुलाकडे बघावं तशी बघत होती. धाकटीचं डोकं मात्र सकाळपासून तापलेलं. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट सुरक्षित होते की नाही हे तपासणं तिचं काम, आणि या कारखान्याची मालकीण तिची सख्खी थोरली बहीण. दुसऱ्या कुणाला पाठवा, असं तिनं साहेबांना सांगूनही पाहिलं. साहेब म्हणाले, घरचंच माणूस आहे, पटकन उरकेल. त्या एका वाक्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पद्धत तशी सरळ. रोगानं मेलेली जनावरं यंत्रात बारीक कापायची, मग बंद टाकीत दाबाखाली वाफेवर शिजवायची, म्हणजे रोगजंतू मरतात. उरलेला चोथा वाळवून त्याची भुकटी खत म्हणून विकायची. ताईचं खत शाळांच्या बागांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या परसापर्यंत जात होतं. पण कापायच्या यंत्राच्या पात्यांवर धाकटीला कोळ्याचं जाळं दिसलं होतं. ताई म्हणाली, यंत्र कालच चालवलं. म्हणजे कोळ्यानं रातोरात संसार थाटला असणार.

म्हणून आज टाकीत जाणाऱ्या अख्ख्या म्हशीच्या पोटात धाकटीनं तापमान नोंदणारी बटणाएवढी चकती खोलवर खुपसली होती. टाकी निवल्यावर कामगारांनी म्हैस बाहेर ओढली. वरचं मांस हाडांवरून गळत होतं, आतलं अजून लालच होतं. धाकटीनं चकती काढून वाचली.

"भिंतीशी एकशे तेहेतीस," ती म्हणाली. "पोटात बावन्न."

"नियमात टाकीचं तापमान लिहिलंय. म्हशीचं पोट कुठं लिहिलंय?"

"कापून टाकायचं, हेही लिहिलंय, ताई. लहानपणी तुझे बटाटे असेच असायचे. वरून करपलेले, आत कच्चे. तेव्हा निदान आपल्याच घरात पोट दुखायचं."

एक कामगार फसकन हसला आणि ताईनं बघताच खोकू लागला.

ताई तिला बाजूला घेऊन गेली. "आई कामावर जायची तेव्हा तुझ्या वेण्या कोण घालायचं गं? एक सही मागतेय. पाती मोडली की दुरुस्तीला महिना जातो, तोवर जनावरं काय रस्त्यावर कुजू देऊ? आणि इतके लोक खत वापरतात, कुणाला साधी शिंक आली का?"

धाकटी विरघळली. स्वतःचा राग आला, तरी विरघळली. ताईला यातला धोका कळतच नसेल, तिला वाटलं. समजावून सांगावं, यंत्र दुरुस्त करायला मुदत द्यावी, बाकी सांभाळून घ्यावं. तसं ती बोलूनही गेली.

ताईचा चेहरा उजळला. "शहाणी माझी बाय ती. जाताना आईकडे खत टाकशील? तिचे वाफे तयार आहेत. पोतं माझ्या गाडीत आहे."

धाकटीनं डिकी उघडली. पोत्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं. दुकानातलं, विकतचं.

"हे तुझं नाही."

"आपलं संपलंय."

समोर गोदामाचं दार उघडं होतं. आत ताईच्या खताची पोती छतापर्यंत रचलेली होती. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

"आईला तुझं खत कधी दिलंयस?"

ताईनं घाईनं डिकी लावून घ्यायला हात पुढे केला. म्हणजे ताईला सगळं कळत होतं. पहिल्या पोत्यापासून कळत होतं.

पोतं डिकीतच ठेवून ती परत आत गेली. टाकीला सील लावलं, मग गोदामाला. ताई मागोमाग आली, आधी विनवत, मग शिव्या देत, शेवटी रडत.

"आईला काय सांगशील?" तिनं विचारलं.

"खरं तेच," धाकटी म्हणाली. "सांगेन, ताईला तुझी फार काळजी आहे. तुझी एकटीचीच."